टेस्टोस्टेरॉन तोडलं तरी प्रोस्टेटचा कॅन्सर उपाशी मरत नाही

पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवरच जगतो, ते बंद केलं की उपाशी मरतो; पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) शून्यावर आला की रोग गेला; आणि पीएसए पुन्हा चढला तर टेस्टोस्टेरॉन बंद करणारं इंजेक्शन निकामी, ते बंद करा. पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीची दोन त्याच्या आडून खपतात.

ते अर्धं खरं १९४१ सालचं. वृषणं काढली की पसरलेला रोगही ओसरतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं; १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन तेच काम औषधाने करतं. पण टेस्टोस्टेरॉन हे पेशीचं अन्न नव्हे, हुकूम आहे. ते अँड्रोजन रिसेप्टरला, म्हणजे पेशीतल्या हा हुकूम घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, रिसेप्टर केंद्रकात जाऊन डीएनएवर बसतो आणि वाढीची जनुकं चालू होतात. हुकूम थांबला की बऱ्याच पेशी मरतात. उरलेल्या वेगळी सोय लावतात.

काही पेशींत रिसेप्टरच्या जनुकाच्या प्रती वाढतात. हे जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणजे पुरुषात मुळात एकच प्रत. प्रती वाढल्या की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून येणारं किंवा गाठीनेच बनवलेलं थोडंसं हार्मोनही पुरतं. काही पेशी एआर-व्ही७ नावाचा आखूड रिसेप्टर बनवतात. हार्मोन जिथे बसतं तो भागच त्यात नसतो, तरी तो चालू राहतो. रिसेप्टर अडवणारं एन्झालुटामाइड हे औषध बसतं त्याच भागावर. इथे त्याला बसायला जागाच नाही.

सगळ्यात चिवट प्रकार पीटेन हरवलेल्या गाठींचा. पीटेन हे प्रथिन म्हणजे पीआय३के-एकेटी या, पेशीला वाढवणाऱ्या दुसऱ्या मार्गाचा ब्रेक. रिसेप्टर दाबला की एफकेबीपी५ हे प्रथिन घटतं. त्याच्या आधाराने एकेटीला आवरणारं पीएचएलपीपी मग टिकत नाही, आणि एकेटी उसळतं. उलट नुसतं एकेटी दाबलं तर हर३ हे प्रथिन वाढून अँड्रोजन रिसेप्टर जागा होतो. लक्ष्मी रस्ता बंद ठेवला की शेजारचे रस्ते तुंबतात, तसं. म्हणून अशा गाठींत दोन्ही मार्ग एकदम दाबण्याचा विचार पुढे आला.

आता ‘पीएसए शून्य म्हणजे रोग गेला’. पीएसएचं जनुक हाच रिसेप्टर चालू करतो. आकडा पडला म्हणजे रिसेप्टर गप्प आहे, एवढंच खात्रीने कळतं. आरबी१ आणि टीपी५३ ही जनुकं गमावलेल्या काही पेशी रूपच बदलतात, न्यूरोएंडोक्राइन (चेतापेशी आणि हार्मोन-पेशी यांच्यासारख्या) होतात आणि पीएसए जवळजवळ बनवत नाहीत. पीएसए कमी, पण वजन घटतंय, यकृतात नवे डाग दिसतायत, तर त्या डागाची बायोप्सी लागते. तिथे प्लॅटिनमवाली केमो उपयोगी पडते.

इंजेक्शन बंद करण्याचा सल्ला सगळ्यात घातक. पीएसए चढला की आधी त्याच रक्तातून टेस्टोस्टेरॉन मोजा, आणि रिपोर्टवरचं एकक नीट वाचा. इंजेक्शन चालू असताना टेस्टोस्टेरॉन ज्याच्या खाली हवं ती मर्यादा ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात, तिथे तीच मर्यादा ०.५ होते. त्यामुळे ‘०.४’ ठीक आणि ‘४’ म्हणजे इंजेक्शनचा असर नाही; बहुधा डोस लांबलाय. आकडा मर्यादेखाली असूनही पीएसए चढत राहिला, तर दुसरं औषध जोडतात, पण इंजेक्शन चालूच ठेवतात, कारण बऱ्याच पेशी अजूनही त्या हुकमाच्याच असतात. अगदी पहिल्या इंजेक्शननंतर मात्र आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं. मणक्यात रोग असेल तर त्या काळात बायकॅलुटामाइड या रिसेप्टर अडवणाऱ्या गोळीचं पांघरूण हवं. नाहीतर डेगारेलिक्स हे दुसरं इंजेक्शन द्यावं, त्यात ही उसळी नसते.

मेसेजच्या शेवटी ‘स्टेरॉइड फेकून द्या’ असंही आहे. एल७०२एच नावाचा जनुकीय बदल झालेला रिसेप्टर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडनेही चालू होतो, हे खरं. पण तो बदल तपासणीत दिसला तर औषधं फिरवायचं काम डॉक्टरांचं. शरीरात टेस्टोस्टेरॉन बनणंच अडवणारं अबिरॅटेरॉन प्रेडनिसोलोनच्या जोडीने देतात; ते चालू ठेवून नुसतं प्रेडनिसोलोन सोडलं, तर अ‍ॅड्रिनलमध्ये मीठ धरून ठेवणारी हार्मोन्स साचतात, रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते आणि पोटॅशियम इतकं उतरू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात.