चंद्र फॉस्टर सिटीला उगवतो

घर बघायला आम्ही ऑक्टोबरात गेलो, ही पहिली चूक. सॅन फ्रान्सिस्कोच्या जरा दक्षिणेला पॅसिफिका नावाचं गाव आहे, समोर अख्खा प्रशांत महासागर. घर दाखवणाऱ्या बाईंनी हॉलचा पडदा सर्रकन ओढला आणि पुढे काही बोलल्याच नाहीत. गरजच नव्हती. लख्ख ऊन, निळंशार पाणी, दूरवर एक जहाज. मी रत्नागिरीचा, समुद्र दिसला की मला व्यवहार सुचत नाही. त्या खिडकीचे म्हणून किमतीत वेगळे पैसे धरले होते, तेही आम्ही हसत हसत मोजले.

जूनमध्ये समुद्र गेला.

म्हणजे होता तिथेच, गाजही ऐकू यायची, पण दिसायचा बंद झाला. आधी क्षितिज गेलं, मग पाणी, मग समोरच्यांचं घर, आणि एका सकाळी आमची स्वतःची टपालपेटी. इथे खरं ऊन सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतं आणि उन्हाळा धुक्यात जातो, हे त्या बाईंना नक्की ठाऊक असणार. पण त्यांना दोष कसा द्यावा? "उन्हाळ्यात समुद्र दिसतो ना हो?" असा प्रश्न कुठला शहाणा माणूस विचारतो?

इथल्या लोकांनी मात्र याच्याशी सोयरीक केलेली आहे. मे महिना 'ग्रे', जून 'ग्लूम', आणि ऑगस्टचा तर सरळ 'फॉगस्ट' केलाय. सप्टेंबरात आमच्या गावात धुक्याच्या नावाने जत्रा भरते. शिवाय धुक्याचं बारसंही झालंय. २०१० साली कुणीतरी ट्विटरवर धुक्याच्या नावाने खातं काढलं आणि त्याला 'कार्ल' म्हटलं. तेव्हापासून लोक "आज कार्ल लवकर आला" असं म्हणतात. आमच्या आईला हे अजिबात पटलं नाही. "नाव ठेवलंत ना? मग आता तो कशाला जातोय!"

आई सहा महिन्यांसाठी आली ती नेमकी जूनमध्ये. येताना फणसाचे पापड, आमसुलं आणि कोकणातल्या माणसाला समुद्राबद्दल असतो तो सगळा आत्मविश्वास घेऊन. "समुद्राचं मला काय सांगतोस?" असं म्हणत दुसऱ्याच दिवशी तिने मागच्या डेकवर जुनी चादर अंथरली आणि तीन किलो बटाट्यांचा कीस उकडून वाळत घातला. उन्हाळ्यात ऊन असणारच, असा तिचा हिशोब. बायको म्हणाली, "आई, राहू दे." मी म्हणालो, "आई, नको." संध्याकाळी पाच वाजता आम्ही तिघांनी चादरीचे कोपरे धरून ती आत आणली तेव्हा मधे खोळ पडली होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. कीस सकाळपेक्षा जड झाला होता. आईने एक काडी दोन बोटांत धरली, वाकवली, सोडली. मोडली नाही.

"हे वाळवण नव्हे," ती म्हणाली, "भिजवण."

मग तिला घरातल्या इतर गोष्टी दिसू लागल्या. देवघरातली काडेपेटी ओढून ओढून काडीचा गूल गळून पडतो पण पेटत नाही. चिवडा डबा उघडल्यापासून दहा मिनिटांत सादळतो. माझ्या चामडी पट्ट्यावर हिरवट लव येते. हवेतलं पाणी ओढणारं एक यंत्र आम्ही दिवसभर चालू ठेवतो. त्याची बादली मी रोज मोरीत ओतायचो. आईला ते बघवेना. ते पाणी ती तुळशीला घालू लागली. पण तुळशीची तक्रार पाण्याबद्दल नव्हतीच. ऊन न मिळाल्याने ती काळवंडत चालली, तेव्हा तिला हवापालटासाठी उपसागरापलीकडच्या फ्रीमाँटला माझ्या मित्राकडे पाठवावं लागलं. तिथे पंधरा दिवसांत मंजिऱ्या आल्या. त्याने फोटो पाठवला. मला तो टोमणा वाटला.

या मित्रामुळे मला हवामानखात्याची गरज उरलेली नाही. तो कुरकुरला की, "आज अडतीस डिग्री रे, जीव जातोय," मी मुकाट्याने स्वेटर चढवतो. हे सगळं मी एकदा इंजिनिअरी उत्साहाने आईला समजावलं. वायव्येचा वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी समुद्रात ढकलतो, त्याच्या जागी तळाचं गार पाणी वर येतं, अगदी अकरा-बारा डिग्रीचं. त्याच्यावरून येणारी ओलसर हवा गारठते आणि तिचं धुकं होतं. तिकडे आतल्या सपाटीवर चाळिशीचं ऊन, तिथली हवा तापून वर जाते आणि ही गार हवा आत खेचली जाते. म्हणून आत जितकं तापेल तितकं इथे धुकं. मी कागदावर बाणही काढले होते.

आईने बाण बघितले. "म्हणजे उकडतंय त्यांना, आणि पंखा लागलाय आपल्यावर."

बाबा तिकडे रत्नागिरीत. त्यांच्या लेखी धुकं या शब्दाचा एकच अर्थ: आंब्याचा मोहोर धोक्यात. दर व्हिडिओ कॉलला ते माझ्या मागची पांढरी खिडकी बघून हळहळायचे. "गेला रे मोहोर, तुडतुडा पडणार." आमच्या दारात आंबा नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मीही हळहळलो.

आईला गोल्डन गेट पूल दाखवायला नेलं तो रविवारही असाच. त्याला तो शेंदरी रंग धुक्यात उठून दिसावा म्हणूनही दिला आहे, असं मी तिला वाटेत सांगत होतो. पोचलो तर एका खांबाचा पाया उठून दिसत होता. वरचं सगळं गेलेलं. १९३७ साली पूल झाला तेव्हापासून जहाजांसाठी त्याच्यावर भोंगे आहेत, ते आळीपाळीने हंबरत होते. आई बराच वेळ कान देऊन उभी राहिली. "दोन वेगवेगळ्या म्हशी आहेत," ती म्हणाली. बरोबर होतं. दोन ठिकाणच्या भोंग्यांचे सूर निराळे ठेवले आहेत.

खरं तर या धुक्याने भल्याभल्यांना फसवलंय. स्पॅनिश जहाजं जवळपास दोन शतकं या किनाऱ्यावरून ये-जा करत होती, पण पुलाखालचं उपसागराचं ते मैलभर रुंदीचं तोंड आणि आतलं प्रचंड बंदर काही त्यांना दिसलं नाही. शेवटी १७६९च्या नोव्हेंबरात पोर्तोला या स्पॅनिश सरदाराची माणसं पायी आली, आमच्या गावामागच्या स्वीनी रिज या डोंगरावर चढली, आणि पलीकडे पाणी दिसलं. आमच्या गावची रीत तेव्हापासूनच पडली असावी: काही बघायचं असेल तर डोंगर ओलांडायचा.

ती रीत आम्ही पाळली जुलैतल्या अंगारकीला.

आईचा कडक उपास. सकाळी नऊ-सव्वानऊला ती चहा घेत होती तेवढ्यात मावशीचा फोन आला: चंद्रोदय झाला, दर्शन झालं, आता मोदक खाऊन झोपते. आईने फोन ठेवला आणि कपाकडे असं बघितलं की मलाच अपराधी वाटलं. इथला चंद्रोदय रात्री सव्वादहाचा. संध्याकाळी सातलाच कार्ल कुंपण ओलांडून आत आला. रात्री नऊला रस्त्यावरचा दिवासुद्धा दिसेना.

मी हळूच म्हटलं, "आई, आषाढात आपल्याकडेही कुठे चंद्र दिसतो? पंचांगातली वेळ बघून सोडतेसच की."

"तो पाऊस असतो. पावसापुढे इलाज नाही. इथे पाऊस आहे?"

नव्हता.

"इथे चंद्र उगवणार आहे. फक्त तुझ्या घरावर उगवणार नाही."

यावर काही बोलता येण्यासारखं नव्हतं. बायकोने उकडीचे मोदक डब्यात भरले, आईने ताम्हन, पळी आणि अक्षतांची पुडी पिशवीत घातली, आणि आम्ही निघालो. चढावर काचेपुढे फक्त दुधाळ पांढरं. मी रस्त्याच्या मधल्या पिवळ्या रेघेला धरून पंधराच्या वेगाने गाडी चालवतोय, मागून आईचं अथर्वशीर्ष. माथा ओलांडून थोडं खाली उतरलो आणि एका वळणावर ते सगळं एकदम संपलं. चांदण्या. गावाचे दिवे. आरशात बघितलं तर मागे डोंगरावरून धुकं उतू गेलेल्या दुधासारखं खाली येत होतं, आणि मी नकळत ॲक्सिलरेटर दाबला.

फॉस्टर सिटीला उपसागराच्या कडेला बंधारा आहे. तिथल्या पार्किंगमध्ये दहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही पोचलो तर आधीच एक गाडी उभी. बाहेर स्वेटर, कानटोपी आणि हातात स्टीलचं तांब्याभांडं असं एक जोडपं. स्वेटरवरूनच ओळखलं, या बाजूला जुलैत स्वेटर कोण घालतं?

"पॅसिफिका?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्ही?"

"डेली सिटी. तिसरी संकष्टी आमची इथली."

पलीकडच्या टेकड्यांमुळे चंद्राला आणखी थोडा उशीर झाला. मग पाण्यापलीकडे एक मळकट नारिंगी कड वर आली आणि दोन्ही घरच्या बायकांनी एकदमच पदर, म्हणजे स्वेटरच्या टोप्या, डोक्यावर घेतल्या. आईने पळीपळीने अर्घ्य दिलं, अक्षता वाहिल्या, हात जोडून बराच वेळ उभी राहिली. घरी जाईपर्यंत कोण थांबतंय. गाडीच्या बॉनेटवर डबा उघडला, डेली सिटीच्या लोकांनाही दोन-दोन मोदक दिले.

आईने मोदकाचं नाक मोडलं, तूप सोडलं, आणि पहिला घास घेत इकडेतिकडे बघितलं. कोरडी हवा. चंद्र. पलीकडच्या घराच्या गॅलरीत दोरीवर वाळलेले कपडे.

"घर इथे का नाही घेतलंत रे?"

"इथून समुद्र दिसत नाही," मी म्हटलं.