वाऱ्यापेक्षा प्रवाहाकडे बघा

सिडनी–होबार्ट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीच्या तयारीवरचा लेख आवडला, पण सगळा भर वाऱ्याच्या वेगावर आहे. नुसत्या वाऱ्याला हे खलाशी भीत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि नेमका समोरून दक्षिणेचा वारा सुटला की लाटा उंच तर होतातच, शिवाय उभ्या भिंतीसारख्या एकमेकींच्या जवळ येतात. त्यात ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियामधली, वाटेत लागणारी बास सामुद्रधुनी उथळ, सरासरी खोली जेमतेम ६० मीटर. बोट लाटेवर चढते आणि पलीकडे दाणकन आपटते. तासन्‌तास हेच!

१९९८ साली ११५ बोटी निघाल्या, पोचल्या ४४. सहा जण गेले. त्यानंतर नियम कडक झाले. सामुद्रधुनीत शिरण्याआधी, किनाऱ्यावरच्या ग्रीन केप या भूशिराजवळ रेडिओवरून बोट आणि माणसं पुढे जायला ठीक आहेत, असं कळवावंच लागतं. मला हा नियम सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण माघारीचा विचार निदान एकदा तरी मोठ्याने करावा लागतो.

लेखात लाइफजॅकेट, वादळी शिडं वगैरे आलंच आहे. बूमचा, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या, वाऱ्याबरोबर झपकन फिरणाऱ्या आडव्या दांड्याचा मात्र उल्लेखही नाही. २०२४ मध्ये दोन वेगवेगळ्या बोटींवर दोघे दगावले, तेही पाण्यात पडून नव्हे, डेकवरच आघात होऊन. रात्री, बोट लागलेली, झोप नाही, अशा वेळी डोकं कुठे आहे याचं भान सुटतं. बंदरात शिडं बदलायचा सराव करणारे बूमपासून डोकं सांभाळायचा सराव कितपत करतात?