मिठी मारायचं निमित्त

गेल्या रविवारी माझ्या भाचीच्या लग्नाचा विषय निघाला. आम्ही घरचीच माणसं होतो, कोल्हापुरात शिवाजी पेठेत, माझ्याच सोप्यात. मुलगा तिनंच पसंत केलाय. शिरोली एमआयडीसीत कामाला आहे, आईबापांना धरून असतो, बोलायला गोड आहे. सगळं जुळत आलं आणि माझ्या बहिणीनं खाली मान घालून सांगितलं, मुलगा पितो. रोज पितो.

मामी म्हणाल्या, "पितंय न्हवं, चोरी तर करत न्हाई? लगीन झालं की यील ताळ्यावर. बायकूच्या मायेनं भलेभले सुधारत्यात." बाकीच्यांनी माना हलवल्या. भाची माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी, माझ्यासाठी तो सोडेल गं."

हेच वाक्य मी २००३ साली माझ्या आईला ऐकवलं होतं. गेल्या रविवारी भाचीसमोर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणून आज लिहितेय. लिहून झाल्यावर ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "टाक. काही वगळू नकोस."

आमचं जमलं रंकाळ्यावर. हे उद्यमनगरात लेथवर होते. सुट्टी झाली की तसेच यायचे, हातांना ऑइलचा वास, खिशात महाद्वार रोडवरून घेतलेला गजरा, तोही चेपलेला. कट्ट्यावर बसून एका पुड्यातली भेळ खायचो आणि अंधार पडला की मी पळत घर गाठायची. तेव्हाही हे प्यायचे, पण कधीतरी. गटारीला, कुणाच्या लग्नात, विसर्जनाची मिरवणूक संपल्यावर. मला त्यात वावगं वाटलं नाही, कारण आपल्याकडं 'बसणं' कुणी लपवत नाही. कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद, तांबड्या-पांढऱ्याचा नाद, सगळ्याला आपण 'नाद खुळा' म्हणून डोक्यावर घेतो. त्याच पंगतीत दारू कधी येऊन बसते, ते कळतही नाही.

लग्नानंतर चार-पाच वर्षांत कधीतरीचं रोज झालं. आणि तेव्हापासून माझं प्रेम काय करायला लागलं, ते मला या पोरीला सांगायचंय.

हे दारात आले की मी मिठी मारायची. शेजारणी म्हणायच्या, अजून नव्यासारखं आहे बाई तुमचं. मी वास घेत होते. बडीशेपेच्या आड काय आहे, किती आहे, आज जेवण मिळणार की ताट भिरकावलं जाणार, हे त्या एका मिठीत मला कळायचं. झोपल्यावर खिसे तपासायची. गाडीच्या डिकीत, पाण्याच्या टाकीमागं, गाद्यांच्या थप्पीत चपट्या शोधायची. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहायची. मित्रांचे फोन उचलून खोटं सांगायची, मालकाला 'ताप आलाय' म्हणायची. हे सगळं मी प्रेमानं करत होते, खरंच प्रेमानं. पण बायको कधी संपली आणि हवालदार कधी सुरू झाला, ते मला समजलं नाही. ह्यांनाही घरात बायको दिसेनाशी झाली. दिसायची ती पाळत ठेवणारी, आणि तिला चुकवायचं कसं, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात राहिला.

मग संशय आला. भाजीवाल्याशी हसून बोललीस का, फोन कुणाचा होता, साडी कुणासाठी नेसलीस. मला वाटायचं, माणूस मनातून घाण झाला. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्यात हा संशय बऱ्याच वेळा दिसतो. जास्त दारूनं शरीरसंबंधातली ताकदही कमी होते. कमीपणा आतून खातो आणि बोट बायकोकडं दाखवलं जातं. हे कुणीच उघड बोलत नाही, म्हणून मी बोलतेय. एका खोलीत झोपून आम्ही सहा वर्षं परक्यासारखे राहिलो. या गोष्टीसाठी मी किती रात्री स्वतःलाच आरशात नावं ठेवली.

सासरचे म्हणायचे, "तूच घरात नीट वागत नसशील, नाहीतर बाहेर कशाला गेला असता?" माहेरचे म्हणायचे, "तूच केलंयस ना पसंत?" एका नातेवाइकानं गोळ्यांची पट्टी आणून दिली. म्हणाला, "कुस्करून आमटीत घाल, त्याला कळू देऊ नको, आपोआप सुटंल." मी घातल्या. तिसऱ्या दिवशी हे पिऊन आले आणि तासाभरात तोंड लालभडक, छाती धडधडतेय, उलट्या थांबेनात, अंग गार. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. त्या गोळ्या डायसल्फिरामच्या होत्या. त्या पोटात असताना दारू गेली की रक्तदाब खाली येतो, माणूस दगावूही शकतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सुनावलं, ते औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं आणि तपासण्या करूनच देतात. नवरा वाचवायच्या नादात मी त्याला मारून बसले असते. बायांनो, अजूनही गावोगावी या गोळ्या अशा चोरून दिल्या जातात. कृपा करून देऊ नका.

दुसरी चूकही सांगते. एकदा अंबाबाईसमोर शपथ घेऊन ह्यांनी एका दिवसात बंद केली. मी पेढे वाटले. दुसऱ्या रात्री हात लटपटायला लागले, मग फिट आली, आणि नंतर भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसायला लागल्या. मला वाटलं बाहेरचं काहीतरी आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. शपथ घ्या, माळ घाला, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

शेवटी २०१७ मध्ये हे व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाले. तिथल्या डॉक्टरांनी मला कागदावर मेंदू काढून दाखवला. दारूनं मेंदूतलं आनंदाचं रसायन इतकं आणि इतक्या वेळा उसळतं की साध्या गोष्टी त्यापुढं फिक्या पडतात. गजरा, लेकराचं हसू, बायकोचा हात, सगळंच. मी किती रडले त्या दिवशी. इतकी वर्षं मी स्वतःला विचारत होते, माझ्यात काय कमी पडलं?

केंद्रातल्याच एकीनं मला अल-अनॉनच्या बैठकीला नेलं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीची ही संघटना. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या संस्थापकांपैकी एकाच्या बायकोनं, लोइस विल्सन यांनी, १९५१ मध्ये एका मैत्रिणीबरोबर ती सुरू केली. तिथं तीन गोष्टी शिकवतात: हे तुझ्यामुळं झालेलं नाही, तुला ते आवरता येणार नाही, तुला ते बरं करता येणार नाही. ऐकताना आधी राग आला. मग मी काय नुसती बघत बसू? हळूहळू कळलं. मी मालकाला फोन करणं बंद केलं, उसनवारी फेडणं बंद केलं, चपट्या शोधणं बंद केलं. ह्यांच्या पिण्याचा भार पहिल्यांदा ह्यांच्या स्वतःच्या खांद्यावर आला.

दारू सुटली. २०१९ मध्ये एकदा घसरले, परत उभे राहिले. लोकांना वाटतं इथं गोष्ट संपते. पण माझी मिठी काही सुटली नव्हती. दोन-तीन वर्षं मी दारात जवळ जायची आणि नाक आपोआप पुढं व्हायचं. ह्यांना ते कळायचं. एक दिवस ते स्वतःच वाकले, तोंडावर फुंकर घातली आणि म्हणाले, "बघ. आणि झालं की नुसती मिठी मार." मला ते जमलं नाही. विश्वास असा मागून येत नाही. आज जमतं, पण रोज नाही.

माझं मत कुणाला कडू लागेल, पण लागू दे. पिणाऱ्या मुलाला 'लग्न झालं की सुधारेल' म्हणून पोरगी देणं, म्हणजे त्या पोरीला न विचारता तिच्या गळ्यात एका रोग्याची नर्स, पोलीस आणि आई अशा तीन नोकऱ्या बांधणं आहे. त्याला आधी उपचार घेऊ द्या. वर्षभर कोरडा राहू द्या. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मन खचलेल्या बायकोला स्वतःसाठीही १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. आणि मारहाण होत असेल तर वाट बघू नका, तिथून आधी बाहेर पडा.

काल भाचीला घरी बोलावलं. मी चहा टाकला आणि ह्यांनी तिला समोर बसवलं. म्हणाले, "बाळ, तुझ्या मावशीसाठी मी शंभरदा सोडली. दर वेळी परत घेतली. तिच्यावर जीव नव्हता असं नाही, खूप होता. सुटली तेव्हा माझा लेथवर हात थरथरून बोट जाता जाता राहिलं होतं, आणि मी माझ्यासाठी घाबरलो होतो."

पोरगी बराच वेळ कपाकडं बघत राहिली. चहा तसाच गार झाला. जाताना दारात तिनं ह्यांना विचारलं, "काका, तुम्ही एकदा त्याच्याशी बोलाल?"

येत्या शनिवारी तो येतोय.