पेडर रोडवर माझी चेन पडली

चेन पडते तेव्हा आधी आवाज येत नाही. आधी पाय दगा देतो. जोर लावलेलं पायडल एकदम रिकामं फिरतं आणि अंधारात जिन्याची एक पायरी जास्त मोजल्यासारखं पोटात धस्स होतं. मग ‘खर्रर्र’. आणि मग मागून नानांची घंटा.

रविवार, सकाळचे ६.३५, पेडर रोडचा चढ, जसलोकच्या थोडं अलीकडे. वेळ आणि जागा एवढी पाठ असण्याचं कारण म्हणजे गेले तीन आठवडे माझी उलटतपासणी चालू आहे.

आमचा सायकलग्रुप पाच जणांचा. रविवारी सहाला शिवाजी पार्कातून निघायचं, वरळी सी फेसवरून हाजीअली गाठायचं, तिथून पेडर रोड चढून केम्प्स कॉर्नरला उतरायचं, चौपाटीवरून ठाकुरद्वारला जायचं आणि मिसळ खायची. जो शेवटी पोचेल त्याने सगळ्यांचं बिल भरायचं. हा नियम कधी झाला मला माहीत नाही. झाला तेव्हा मी ग्रुपात नव्हतो, एवढं नक्की. त्याआधीच्या बारा रविवारांपैकी अकरा रविवार बिल मी भरलं होतं. उरलेल्या एका रविवारी मला ताप होता.

बाकीचे चौघे म्हणजे नाना, वकीलसाहेब, डॉक्टर आणि बंड्या. नाना ६८ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. त्यांची सायकल त्यांच्या लग्नाच्याही आधीची. काळी, बिनगिअरची, चेनवर साडीसारखं पूर्ण कव्हर. डॉक्टर दातांचे, पण मत सगळ्या अवयवांवर. बंड्याची सायकल कार्बनची. तिची खरी किंमत त्याच्या बायकोला सोडून सगळ्यांना माहीत आहे. वकीलसाहेब दिवाणी बाजूचे, त्यामुळे घाई हा प्रकारच त्यांना ठाऊक नाही. तरी चढावर तेही माझ्यापुढेच असतात.

मी या कंपनीत आलो शुगरमुळे. मंडळींचं खरं दुखणं मला जुलैत कळलं. जुलैत टूर द फ्रान्स ही सायकलशर्यत असते. तिकडे संध्याकाळी संपणारा टप्पा आपल्याकडे रात्री नऊच्या आसपास संपतो, म्हणजे ऐन सीरियलच्या वेळी. वकीलसाहेबांच्या घरात त्यावरून बऱ्याच तारखा पडल्या आणि शेवटी आतल्या खोलीत दुसरा टीव्ही आला. बाहेर धो धो पाऊस, आत कांदाभजी, आणि पडद्यावर पिरेनीजच्या घाटात घामाघूम झालेली हडकुळी पोरं. या लोकांना तिकडचा एकेक घाट वळणांसकट तोंडपाठ. कसारा घाट मात्र आजवर झोपेतच पार केलेला.

तर त्या रविवारी एक अघटित घडत होतं. मी शेवटचा नव्हतो. आदल्या रात्री नाना एका लग्नाला गेले होते आणि त्यांनी जिलबी-मठ्ठ्याला पुरेपूर न्याय दिला होता. हाजीअलीचा सिग्नल सुटला तेव्हा मी त्यांच्यापुढे चांगला पन्नास पावलं होतो. जन्मात पहिल्यांदा फुकट मिसळ खाणार होतो. त्या आनंदात ऐन चढावर, पायाचा जोर तसाच ठेवून, मी गिअरचा खटका दाबला.

नाना घंटा वाजवत बाजूने गेले. अगदीच न बघता गेले असं नाही. ‘काय रे, चेन?’ म्हणाले, आणि गेले.

मी ठाकुरद्वारला पोचलो तेव्हा चौघांची तर्री संपून जादा पावाची ऑर्डर गेलेली होती. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. वेटर बघत होता म्हणून, केवळ म्हणून, मी म्हटलं, ‘माझी चेन पडली.’

वकीलसाहेबांनी चमचा खाली ठेवला. ‘नाना, तुम्ही त्याच्या मागे होतात ना?’

‘होतो.’

‘मग पुढे कसे आलात?’

‘१९ जुलै २०१०,’ बंड्या हळूच म्हणाला. घरातल्या माणसाची तिथी सांगावी तसा.

ज्यांना ही तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोर्ट द बालेस नावाचा पिरेनीजमधला घाट. शर्यतीत पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सी लक्झेंबर्गच्या अँडी श्लेकच्या अंगावर. घाटमाथा जवळ आला तसा त्याने जोर लावला, आणि त्याची चेन पडली. मागून स्पेनचा अल्बेर्तो कोन्तादोर आला आणि निघून गेला. त्या टप्प्यात कोन्तादोरने ३९ सेकंद कमावले आणि पिवळी जर्सी ८ सेकंदांच्या फरकाने त्याच्याकडे गेली. व्यासपीठावर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. रात्री त्याने व्हिडिओ टाकून माफी मागितली. आणि पॅरिसला पोचल्यावर तो अख्खी टूर जिंकला तो किती फरकाने? ३९ सेकंद. बरोबर तेवढेच. ‘माझ्या पोटात राग भरलाय’ असं श्लेक त्या दिवशी म्हणाला होता. माझ्या पोटात काहीच नव्हतं, आणि वेटरला हाक मारायला मला कोणी फट ठेवत नव्हतं.

‘मी कोन्तादोर?’ नाना उसळले. ‘अरे, कुत्रं आडवं आलं असतं, गुडघा फुटला असता, तर थांबलो असतो. पण चढावर जोर लावून गिअर बदलायचा नसतो हे शाळकरी पोरालाही कळतं. चेन पडली हे नशीब नव्हे. ते सायकल चालवणं आहे. वाईट सायकल चालवणं.’

‘पण २०१२ साली विगिन्स थांबलाच की,’ डॉक्टर म्हणाले. त्या वर्षी कुणा दिवट्याने घाटमाथ्यावर रस्त्यात चुका टाकल्या होत्या. कॅडेल इव्हान्सचं चाक पंक्चर झालं आणि पिवळ्या जर्सीतल्या ब्रॅडली विगिन्सने सगळ्या जथ्याला हळू केलं.

‘त्या दुसऱ्याने टाकलेल्या चुका होत्या,’ नाना माझ्याकडे बोट करून म्हणाले. ‘ही याची स्वतःची चूक आहे.’

यावर शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ, ज्यांचा आमच्याशी काही संबंध नव्हता, ‘वा!’ म्हणाले. त्यामुळे नानांना आणखी चेव आला.

२००३ सालही निघालं. लुझ आर्दिदेनच्या चढावर आर्मस्ट्राँगचं हँडल एका प्रेक्षकाच्या पिशवीत अडकलं, तो धाडकन पडला आणि त्याचा प्रतिस्पर्धी उलरिश त्याच्यासाठी थांबला. ‘म्हणजे थांबला तो दुसरा आला,’ नाना म्हणाले, ‘आणि ज्याच्यासाठी थांबला त्याच्या सगळ्याच टूर पुढे काढून घेतल्या. कुणासाठी थांबतोय हे निदान बघावं तरी माणसानं.’ हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, ते मला आवडलं नाही.

‘कोन्तादोरचीही गेलीच ती टूर,’ बंड्या म्हणाला. खरं आहे. क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध त्याच्या तपासणीत सापडलं आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये निकाल लागून २०१० ची टूर श्लेकच्या नावावर झाली.

‘ती औषधासाठी गेली. चेनसाठी नव्हे. खटले वेगळे.’

‘आणि दीड वर्षात निकाल,’ वकीलसाहेब मान हलवत म्हणाले. ‘भलतीच घाई.’

इथे माझी मिसळ आली. दोन घास पोटात गेल्यावर मला बोलायची बुद्धी झाली, ती व्हायला नको होती. चेन बसवताना हातगाडी लावणारा एक नारळपाणीवाला धावून आला, त्याने मागचं चाक उचलून धरलं, असं मी कृतज्ञतेने सांगितलं. टेबलावर एकदम शांतता पसरली.

‘बाहेरची मदत,’ वकीलसाहेब म्हणाले.

झालं. १९१३ निघालं. तूरमाले घाटाच्या उतारावर यूजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत सेंत-मारी-द-कांपान गावात उतरला, लोहाराच्या भट्टीवर चिमटा स्वतःच्या हाताने घडवला, कारण दुसऱ्याची मदत घ्यायला बंदी होती. पंच बाजूला उभे राहून बघत होते. एक पोरगा भात्याला हात लावून गेला, तर त्याचाही दंड ठोकला! म्हणजे भात्याला दंड, तर मागच्या चाकाला किती, यावर वकीलसाहेब आणि डॉक्टर यांच्यात वेगळाच वाद लागला. माझ्यावर अन्याय झाला की नाही हे ठरायच्या आत मी आरोपी झालो होतो.

मग नानांनी ठेवणीतलं काढलं. ‘खिलाडूवृत्तीच्या गप्पा मारता ना? दोन महिन्यांपूर्वी हाजीअलीला मी त्या शौचालयात गेलो होतो, तेव्हा कोण थांबलं होतं?’

कोणीच थांबलं नव्हतं. नाना आत गेले, बाहेर आले तर शौचालयवाल्याकडे पन्नासचे सुट्टे नव्हते. सुट्टे होईपर्यंत मंडळी ठाकुरद्वारला पोचली होती. तो नेमका माझ्या तापाचा रविवार. त्या दिवशीचं बिल नानांनी भरलं होतं, आणि बँकेतला माणूस बिल विसरत नाही.

‘ड्युमुलाँ,’ बंड्या पुटपुटला. २०१७ ची जिरो म्हणजे इटलीची शर्यत. गुलाबी (म्हणजे तिकडची पिवळी) जर्सीतल्या टॉम ड्युमुलाँला ऐन शर्यतीत पोटात कळ आली. रस्त्याच्या कडेला सायकल टाकून, कपडे उतरवून तो बसला, टीव्हीवर जगाने बघितलं, आणि प्रतिस्पर्धी पुढे निघून गेले. दोन मिनिटांवर वेळ गेली. गंमत म्हणजे दोनच दिवसांपूर्वी त्याचा प्रतिस्पर्धी क्विन्ताना पडला तेव्हा याच ड्युमुलाँने सगळ्यांना हळू केलं होतं. ‘तरी तो जिंकला,’ नाना म्हणाले. त्यांचा आवाज थोडा बदलला होता. ‘३१ सेकंदांनी. पण जिंकला.’

नाना तरुणपणी मुंबई-पुणे शर्यतीत उतरले होते. बोरघाट जो पहिला चढेल तो घाटाचा राजा. नानांचं राज्य खोपोलीलाच खालसा झालं. पंक्चर. एकही जण थांबला नाही. टेम्पोत सायकल टाकून ते पुण्याला गेले. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलंय, आणि त्यातही वकीलसाहेबांनी १९०४ ची टूर काढली होती, ज्यात रेल्वेने प्रवास केल्याचे आरोप होऊन पहिले चारही नंबर बाद झाले होते.

बिल शेवटी मीच भरलं. वकीलसाहेबांच्या सल्ल्याने, ‘हक्क राखून’.

आता एक गोष्ट तिथे बोललो नाही, ती इथे सांगतो. घंटा आठवते ना? चेन पडली आणि लगेच घंटा वाजली. लगेच. म्हणजे ती पन्नास पावलं केव्हाच संपली होती. नाना माझ्या मडगार्डाला लागले होते. मला धाप लागलेली, डोळ्यांपुढे काजवे. चेन पडली नसती तरी जसलोकच्या गेटाआधी त्यांनी मला टाकलं असतं. अकरा वेळा हरलो तेव्हा मी मागे राहणारा माणूस होतो. चेन पडली आणि मी अन्याय झालेला माणूस झालो. इतकी बढती मला ऑफिसातसुद्धा एकदम मिळालेली नाही. गप्प बसलो.

त्याचं फळ मंगळवारी रात्री व्हॉट्सॲपवर आलं. नानांचा माफीचा व्हिडिओ. नातीने काढलेला. पहिली दहा सेकंद नुसता पंखा, मग नानांचा कान, मग बनियनमधले नाना. ‘त्या क्षणी शर्यतीच्या भरात माझ्याकडून…’ आतून काकूंचा आवाज, ‘अहो, शर्ट तरी घाला!’ खाली बंड्याने २०२२ च्या टूरची क्लिप टाकली. उतारावर पोगाचार पडतो, पिवळ्या जर्सीतला विंगेगार्ड त्याच्यासाठी हळू होतो, दोघे चालत्या सायकलवर हात मिळवतात. त्याखाली डॉक्टरांचे डोळे पुसणारे तीन चेहरे. वकीलसाहेबांनी लिहिलं, ‘यापुढे चढावर सर्वांनी याच्यासाठी थांबावे.’ चार अंगठे आले. त्यातला एक नाइलाजाने माझा.

विंगेगार्ड उतारावर थांबला होता हो. उतारावर कुणीही कुणाची वाट बघावी. मला चढावर नको होती.

कारण पेडर रोड चढायची माझी एक पद्धत होती. सगळे पुढे गेले की महालक्ष्मीच्या वळणाच्या पुढे उतरायचं, फोन कानाला लावायचा, ‘हो, हो, मेल बघतो’ म्हणत सायकल ढकलत चालायचं, जसलोकपाशी परत बसायचं. बारा आठवडे कोणाला पत्ता नव्हता. आता पुढच्या रविवारी वर तिघे पाय टेकवून माझ्याकडे बघत उभे, आणि शेजारून नाना. बिनगिअरच्या सायकलवर ६८ वर्षांचा माणूस माझ्या वेगाने चालवायचं म्हणजे तोल जाऊ नये म्हणून नागमोडी चालवत होता, वर ‘सावकाश. घाई नाही. आम्ही आहोत,’ म्हणत होता. माझ्या सायकलला एकवीस गिअर. एका टॅक्सीवाल्याने मुद्दाम गाडी हळू करून आम्हा दोघांना बघितलं. उतरायची सोय नाही, फोनची सोय नाही, मरायची तेवढी होती.

ठाकुरद्वारला पाचही जण एकदम पोचलो. मी खूश. शेवटचा कोणीच नाही! वकीलसाहेबांनीही मान्य केलं की जथ्यात एकत्र आलेल्यांना सारखीच वेळ मिळते. मग पाव मोडत म्हणाले, ‘पण आज आपण हळू आलो ते कोणासाठी? या सवलतीचा लाभार्थी कोण?’

बिल मी भरलं. या वेळी हक्क राखायला काही उरलंही नव्हतं.

परवाच्या रविवारी निघताना बंड्याने माझी सायकल आडवी घातली आणि चेन आत पडू नये म्हणून लावतात तो बोटभर लांबीचा चेन कॅचर तिला बसवला. चौघांनी वर्गणी काढून आणलेला. नानांनी फडक्याने तो पुसला. मी आभार मानले.

जसलोकच्या अलीकडे, बरोबर त्याच जागी, नाना शेजारी असताना, मी पायाचा सगळा जोर ठेवून खटका दाबला. मुद्दाम. चेन कडकडली, उडाली, त्या नव्या तुकड्यावर आपटली आणि गपकन जागेवर जाऊन बसली.

‘बघ! पडत नाही आता!’ नाना आनंदाने ओरडले, आणि माझ्या पाठीवर तळवा ठेवून मला वर रेटू लागले.

वरून वकीलसाहेबांचा आवाज आला, ‘नाना, ढकलायचं नाही! दंड त्याला लागेल!’