राखाडी भिंत जांभळी का दिसतेय? (आणि हो, यादी माझीच चुकली)

उबदार-थंड रंगांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू, दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं की अर्धी तर बरोबरच आहे. तुमचं म्हणणं असं की उबदार रंग, थंड रंग ही भानगडच फोल आहे, कारण निळा तारा लाल ताऱ्यापेक्षा जास्त तापलेला असतो, आणि वर माझी यादी बघून तुम्ही भिंतीला राखाडी दिला तर पिवळे पडदे लावल्यावर ती चक्क जांभळट दिसायला लागली.

ताऱ्याचं बरोबर आहे. बल्बच्या खोक्यावरच बघा ना, 2700 केल्विन (केल्विन हे तापमानाचं माप) म्हणजे पिवळसर, त्याला वॉर्म म्हणतात, आणि 6500 ला कूल, म्हणजे आकडा वाढला की रंग थंड! पण ही नावं कोणी थर्मामीटर लावून ठेवलेली नाहीत, आग आणि ऊन एकीकडे, पाणी आणि सावली दुसरीकडे, एवढंच त्यामागे आहे. फिजिक्सच्या उलटं असलं तरी डोळ्याला जे वाटतं ते वाटतंच.

आता यादी. ती चूक माझी, मान्य. लाल-केशरी-पिवळा इकडे आणि निळा-हिरवा-जांभळा तिकडे असे दोन रकाने पाडून मोकळी झाले मी. खरं तर उबदारपणा रंगाच्या नावात नसतोच, शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतो. शेंदरीच्या बाजूला किरमिजी ठेवा, लाल असूनही थंड वाटेल. अल्ट्रामरीन उबदार निळा की थंड, यावर तर चित्रकारांचंही एकमत नाही.

तुमची भिंत त्यातलीच. पॅरिसच्या गोबेलँ या विणलेल्या भिंतचित्रांच्या कारखान्यात शेव्हरल नावाचा केमिस्ट रंगाईचं खातं बघायचा, तिथे तक्रार यायची की काळा धागा फिका दिसतो. त्याने तपासलं तर रंगात काही खोट नव्हती, काळ्याला लागून निळे-जांभळे धागे विणलेले असायचे ते त्याची रया घालवत होते. 1839 मध्ये त्याने हे सगळं नियमासकट छापलं. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो, पिवळ्याच्या विरुद्ध जांभळा, म्हणून तुमच्या राखाडीत जांभळं शिरलं. डबा बदलायला गेलात तर पैसे फुकट जातील. एकतर पडदे बदला, नाहीतर पुढच्या हातात किंचित पिवळसर झाक असलेला राखाडी घ्या, पण आधी मोठ्या पुठ्ठ्यावर लावून पडद्याशेजारी उभा करा आणि सकाळी एकदा, रात्री दिवे लावून एकदा बघा.

मनगटाच्या शिरा बघून कपड्यांचे रंग ठरवायचे, त्याला तुम्ही थोतांड म्हणालात. लेखातला तो परिच्छेद काढून टाकतेय. शिरेतलं रक्त गडद लालच असतं, निळं दिसण्यात आजूबाजूच्या त्वचेचा मोठा हात आहे, म्हणजे परत तोच शेजाऱ्याचा खेळ! त्यापेक्षा खिडकीपाशी उभं राहून हनुवटीखाली एकदा पांढराशुभ्र आणि एकदा मोतिया कपडा धरा, बघायचं मात्र चेहऱ्याकडे.

पण "मग हे बघायचंच कशाला" हे तुमचं काही पटलं नाही. हवा निळा उजेड जास्त विखुरते म्हणून लांबचे डोंगर निळसर दिसतात, थंड रंग मागे सरकल्यासारखे वाटतात त्याला ही सवयही कारण असावी. वेबसाइटचं सगळं पान आकाशी-राखाडी ठेवून एकच बटण केशरी करा, नजर तिथेच जाणार. दोन्ही निम्मे-निम्मे घेतले की नुसती मारामारी. (भडक निळा आणि मातकट विटकरी शेजारी आले तर निळाच पुढे येतो, तेव्हा भडकपणाही बघावा लागतो, हे मी मूळ लेखात लिहायलाच विसरले.)

भिंतीचा फोटो टाकणार असाल तर दिवसा काढा, फ्लॅश बंद ठेवा आणि भिंतीवर एक कोरा पांढरा कागद चिकटवा, कारण मोबाइल आपल्या मनाने रंग बदलतो आणि मग तुम्ही म्हणाल जांभळा, मला दिसेल राखाडी, की परत भांडण सुरू.