रस्त्याचा पैसा रस्त्यातच घालावा, असं म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार. उत्तराला आठवडा लागला, माफ करा. खाली कमेंटमध्येच लिहायला बसलो होतो पण ते लांबतच गेलं म्हणून वेगळी पोस्ट करतोय, तुम्ही एवढं मन लावून लिहिलंत आणि मी दोन ओळीत वाटेला लावायचं हे काही बरं वाटेना.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ट्रान्सपोर्टेशन सेंटर्सबद्दल लिहिलं होतं, इथे सगळे त्याला यूटीसी म्हणतात. केंद्र सरकारचं वाहतूक खातं युनिव्हर्सिट्यांना रस्ते, पूल, बस, रेल्वे ह्यावरच्या संशोधनासाठी ग्रँट देतं. मे २०२५ मध्ये त्यातल्या सात ग्रँट, मिळून ५४ मिलियन डॉलरच्या, मधेच बंद केल्या, आणि ते चुकीचं झालं असं माझं म्हणणं होतं. त्यावर काकांनी, जे आपल्या पीडब्ल्यूडीत ३१ वर्षं काढून रिटायर झालेत, लिहिलं की रस्त्याचा पैसा रस्त्यातच घालावा, प्रोफेसरांच्या पेपरात नाही, पेपर छापून एक खड्डा बुजत नाही, आणि फ्लोरिडात ज्या युनिव्हर्सिटीकडे पुलांचं सेंटर होतं तिच्याच दारातला पूल पडला ना. शेवटी असंही लिहिलं की तुम्ही स्वतः त्याच पैशावर शिकलात, तुम्ही त्यांचीच बाजू घेणार.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो कारण तो खरा आहे. हो, मी ह्याच पैशावर शिकलो. सांगलीहून सिव्हिल करून आलो तेव्हा पहिल्या सेमिस्टरपुरतेच पैसे होते, तेही अर्धे बँकेचे, आणि दुसऱ्या सेमिस्टरला गाइडने आरए दिली, म्हणजे आठवड्याला वीस तास संशोधनाचं काम, त्या बदल्यात फी माफ आणि महिन्याला खर्चापुरता स्टायपेंड, आणि हा सगळा पैसा एका यूटीसी ग्रँटमधून यायचा. त्यामुळे मी तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. पण त्या वीस तासांत काय केलं ते तुम्हाला सांगायलाच पाहिजे, कारण तुम्ही म्हणता तसे पेपर माझ्या हातून दोनच झाले, बाकीचा वेळ रस्त्यावर गेला.

उत्तरेकडची सपाट राज्यं, शेतांमधून जाणारे सरळ रेषेतले खडीचे रस्ते, डांबर नाही काही नाही. ऑक्टोबरमध्ये तिकडे साखरेच्या बीटाचा हंगाम असतो, आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे जातात तसे तिथे बीटाचे ट्रक रात्रंदिवस पळतात. आमचं काम म्हणजे रस्त्यावर दोन रबरी नळ्या आडव्या टाकायच्या, मोजून ठरवलेल्या अंतरावर, दोन्ही टोकांना खिळे ठोकायचे आणि कडेच्या खांबाला साखळीने काउंटरची पेटी बांधायची. चाक नळीवरून गेलं की हवेचा झटका पेटीत जातो, आणि दोन झटक्यांमधल्या वेळेवरून गाडीचा वेग, दोन आसांमधलं अंतर आणि त्यावरून गाडी कुठल्या प्रकारची ते कळतं. डांबरी रस्त्यावर हे सोपं आहे. खडीवर नळी सरकते, खडीखाली गाडली जाते, म्हणून दर काही तासांनी जाऊन ती उकरून काढायची आणि पुन्हा ताणून बसवायची, पहाटे पाच वाजता, हातमोजे काढून, कारण मोजे घालून क्लॅम्प फिरवता येत नाही. तुमच्या वेळी वाहतूक गणनेला माणसं रस्त्याकडेला सात दिवस चोवीस तास बसायची, ते तुम्ही स्वतः करवून घेतलंय, तेव्हा हे काम काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

तिथल्या काउंटीचा इंजिनिअर, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा डेप्युटी समजा, त्याच्याकडे माणसं मोजकी आणि रस्ते हाताबाहेर. खडी कुठे टाकायची हे तो तक्रारींवरून ठरवायचा, त्याच्याकडे दुसरं काही साधनच नव्हतं. आम्ही तीन रस्त्यांचे आकडे नेऊन दिले. ज्या रस्त्याबद्दल सगळ्यात जास्त फोन यायचे त्याच्यावर दिवसभरात ट्रक अगदी थोडे होते, आणि ज्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं त्या रस्त्यावरून बीटाचे भरलेले ट्रक रात्री दीड ते चारच्या मधे जात होते, कडेला घर नाही म्हणून तक्रार नाही. त्याने तो कागद बराच वेळ हातात धरला आणि मग म्हणाला, म्हणजे हा पूल मला आधी बघितला पाहिजे. त्या रस्त्यावर एक जुना लाकडी पूल होता. आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात पूल नव्हता, आम्ही खडीचा विचार करत होतो.

आता मला सांगा काका, ही मोजणी कोणी केली असती? ठेकेदाराला मोजणीचे पैसे मिळत नाहीत, राज्याचं खातं आधी स्वतःचे हायवे बघणार, आणि काउंटीकडे खडीलाच पैसे पुरत नाहीत. ग्रँटमधून नेमकं हे विकत घेतलं गेलं. खड्डा बुजला नाही, बरोबर, पण कुठला खड्डा आधी बुजवायचा ते कळलं. एस्टिमेट चुकलं की पुढे एमबी, म्हणजे झालेल्या कामाची मोजमाप वही, कितीही चोख लिहिली तरी पैसा चुकीच्या जागीच जातो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलेलं आहे.

आणि पैसा किती, तेही बघू. फेब्रुवारी २०२३ मध्ये ३४ सेंटर्सना मिळून ४३५ मिलियन डॉलर जाहीर झाले. आकडा मोठा वाटतो. पण ज्या २०२१ च्या कायद्याखाली हे दिले त्याच कायद्यात पाच वर्षांत केंद्राच्या हायवे कार्यक्रमांना साधारण ३५० बिलियन आहेत. म्हणजे हजार रुपयाच्या रस्त्यामागे सव्वा रुपया. रस्त्याचा पैसा रस्त्यातच जातोय काका, सव्वा रुपया सोडून.

तोही फुकट मिळत नाही. वर्षाला नॅशनल सेंटरला ४ मिलियन, रीजनलला ३, आणि टियर वन म्हणतात त्यांना २. पहिल्या दोघांना डॉलरला डॉलर स्वतःकडून किंवा राज्याकडून उभा करावा लागतो, टियर वनला निम्मा. ह्याला मॅच म्हणतात. मॅच रोखच पाहिजे असं नाही, त्या काउंटी इंजिनिअरने आमच्याबरोबर घालवलेले तासही त्यात धरले होते. इथे एक गोष्ट मला स्वतःला पटत नाही ती पण सांगतो, राज्याला केंद्राकडूनच मिळालेला नियोजन-संशोधनाचा पैसा मॅचमध्ये दाखवायला कायद्याने परवानगी आहे, म्हणजे केंद्राच्या पैशाला केंद्राचाच पैसा जोडला जातो. आणि ओव्हरहेड, म्हणजे युनिव्हर्सिटी इमारत, वीज, अकाउंट्स ह्यासाठी जे कापून घेते ते बऱ्याच ठिकाणी थेट खर्चाच्या निम्म्याच्या आसपास असतं, त्यावर तुम्ही टीका केलीत तर मी तुमच्या बाजूने आहे.

तुम्हाला वाटतं की हे सगळं प्रोफेसर लोकांनी स्वतःसाठी काढलं. सुरुवात बघा. १९८७ चा हायवे कायदा, राष्ट्राध्यक्ष रेगनने व्हेटो केला होता, काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तो व्हेटो मोडून काढला, सिनेटमध्ये ६७ विरुद्ध ३३, म्हणजे एक मत कमी पडलं असतं तर कायदाच झाला नसता. त्यात देशाच्या दहा विभागांत प्रत्येकी एक सेंटर अशी सोय झाली. इंटरस्टेट हायवे बांधणारी पिढी म्हातारी होत होती आणि सिव्हिलला येणारी मुलं दुसरीकडे वळत होती, त्यामुळे संशोधनाइतकंच नवीन माणसं तयार करणं हा त्याचा हेतू होता आणि आजही आहे. तुमच्या पिढीतले किती जण तुमच्याबरोबर रिटायर झाले आणि त्यांच्या जागी कोण आलं, हे तुम्हीच एकदा कमेंटमध्ये लिहिलं होतं, मला ते आठवतंय.

बिघाडही झाला मधे. २००५ च्या कायद्यात सेंटर्स साठावर गेली आणि त्यातल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्यांची नावं खासदारांनी थेट कायद्यातच घातली, स्पर्धा नाही, परीक्षण नाही, आपल्या मतदारसंघात सेंटर आणलं की झालं. त्या काळाबद्दल तुमचं म्हणणं मला सोळा आणे मान्य आहे. पण २०१२ नंतर ती पद्धत बंद झाली, आता अर्ज करायचा, बाहेरचे तज्ज्ञ तपासणार, हरायचं किंवा जिंकायचं. रिपोर्टही सरकारच्या राष्ट्रीय वाहतूक ग्रंथालयात फुकट वाचायला ठेवावे लागतात, सांगलीत बसूनही उघडतात.

आता तो पूल. ह्यावर मी पळवाट काढणार नाही कारण सहा माणसं गेली. १५ मार्च २०१८, मायामीजवळ फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी, पादचाऱ्यांचा पूल, १७४ फुटांचा ९५० टनांचा गाळा पाच दिवस आधीच उचलून जागेवर बसवला होता आणि तो खालच्या चालू रस्त्यावर कोसळला. ती युनिव्हर्सिटी पूल झटपट बांधण्याच्या तंत्रावरचं यूटीसी चालवत होती हेही खरं. पण एनटीएसबीचा, म्हणजे इथे अपघातांची चौकशी करणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा, तपास काय सांगतो? डिझाइन करणाऱ्या कंपनीचं एका सांध्यावरचं लोड आणि क्षमतेचं गणित चुकलं होतं, ते तपासणाऱ्या दुसऱ्या कंपनीला सापडलं नाही, आणि भेगा वाढताना दिसत असूनही काम थांबवलं नाही, रस्ता बंद केला नाही. ह्या शेवटच्या गोष्टीचा ठपका कंपन्यांबरोबर युनिव्हर्सिटीवर आणि राज्याच्या खात्यावरही आहे, आणि तो रास्तच आहे. पण पूल सेंटरने डिझाइन केला नव्हता, पैसाही वेगळ्या ग्रँटचा होता, आणि झटपट बांधणीच्या तंत्रामुळे तो पडला असं तपासात निघालं नाही. भेग दिसली की आधी रस्ता बंद कर, हे तुम्ही तुमच्या ज्युनिअरला पहिल्या आठवड्यात शिकवलं असतं. तिथे ते सांगणारा माणूस पूल पडला त्या सकाळच्या मीटिंगमध्ये नव्हता किंवा त्याचं कोणी ऐकलं नाही. त्यासाठी मला तर जास्त शिकलेली माणसं हवीत असं वाटतं, कमी नाही.

आणि खड्ड्याचंच उदाहरण पाहिजे असेल तर पिट्सबर्गला कार्नेगी मेलनमध्ये यूटीसी आहे. तिथल्या रोबोटिक्सवाल्यांनी गाडीच्या काचेला साधा स्मार्टफोन लावून रस्त्याचा व्हिडिओ घ्यायचा आणि कॉम्प्युटरने त्यातल्या भेगा, खड्डे ओळखायचे असं काम केलं, २०१६ मध्ये त्याची कंपनी निघाली, २०२२ मध्ये टायरवाल्या मिशेलिनने ती घेतली. त्याच युनिव्हर्सिटीत सिग्नलवरचं काम झालं, प्रत्येक चौकातला सिग्नल समोरच्या गाड्या बघून स्वतःचं ठरवतो आणि पुढच्या चौकाला कळवतो की एवढ्या गाड्या तुझ्याकडे येतायत. २०१२ मध्ये नऊ चौकांवर लावलं तेव्हा प्रवासाचा वेळ पंचवीस टक्क्यांनी आणि थांबून राहायचा वेळ चाळीस टक्क्यांनी कमी झाला. सगळं श्रेय ग्रँटचं नाही, सुरुवातीचा पैसा खाजगी फाउंडेशनकडूनही आला होता, ते लपवत नाही.

राहिला मुद्दा बंद केलेल्या सात ग्रँटचा. वाहतूक मंत्री शॉन डफी ह्यांचं म्हणणं की ही सेंटर्स डीईआय, म्हणजे विविधता, समता आणि समावेश, आणि ग्रीन अजेंडा चालवतात. ग्रँट गेल्या त्या ह्यांच्या, यूसी डेव्हिस, यूएससी, न्यूयॉर्कचं सिटी कॉलेज, एनवाययू, सॅन होजे स्टेट, न्यू ऑर्लिन्स, जॉन्स हॉपकिन्स. नवीन सरकारला आपले विषय ठरवायचा हक्क आहे, पुढच्या स्पर्धेत ते बदला ना, कोणाची हरकत आहे. पण कायद्यातच विषय लिहिलेत, सुरक्षा, कोंडी, रस्त्याचं आयुष्य, आणि त्याच यादीत पर्यावरण सांभाळणं हाही आहे, मग त्या विषयावर काम करायला स्पर्धेतून निवडलेल्याला दोन वर्षांनी थांब म्हणायचं हे कसं? सिटी कॉलेज तर पहिल्या दहा सेंटर्सपैकी एक.

तुम्ही पुलाचं काम पिअरपर्यंत, म्हणजे नुसत्या खांबांपर्यंत, आणून सोडलेलं बघितलंय. झालेला खर्च वाया, सळ्या गंजणार, पुन्हा टेंडर काढलं तर दर वाढलेला. इथे सळ्यांच्या जागी माणसं आहेत. पीएचडीला चार-पाच वर्षं लागतात, दोन वर्षं डेटा गोळा केलेला मुलगा तिसऱ्या वर्षी स्टायपेंड बंद झाल्यावर काय करणार, त्यात आपल्यासारखा व्हिसावर आलेला असेल तर बाहेर नोकरीही करता येत नाही. मी त्या मुलांच्या जागी स्वतःला बघतो, दुसऱ्या सेमिस्टरला माझी आरए कोणी काढून घेतली असती तर मी सांगलीला परत गेलो असतो आणि बँकेचं कर्ज वडिलांनी फेडलं असतं. म्हणून ती पोस्ट तशी लिहिली गेली, आणि आजही मी तिच्यातला शब्द बदलणार नाही.

तुमच्या कमेंटच्या अगदी खाली तुम्ही विचारलंय की नातवाला ट्रान्सपोर्टेशनमध्ये एमएसची अ‍ॅडमिशन मिळालीय, त्याला पाठवू का. पाठवा. फक्त त्याला आरए देतो असं कोणी प्रोफेसर म्हणाला तर स्पष्ट विचारायला सांगा की हा पैसा कुठल्या ग्रँटचा आहे, ग्रँटचं कितवं वर्ष चालू आहे, आणि ती थांबली तर डिपार्टमेंट टीए, म्हणजे शिकवण्यात मदत करायचं काम, देईल का. असं विचारणं उद्धटपणा नाही, इथे सगळे विचारतात. आणि जायच्या आधी त्याला तुमच्याबरोबर एकदा जुन्या साईटवर घेऊन जा, वाहतूक गणना कशी करायचात ते दाखवा. बाकी काही अडलं तर त्याला इथेच खाली लिहायला सांगा, त्याच्या प्रोफेसरचे आधीचे रिपोर्ट कुठे बघायचे ते मी शोधून देतो.