मुंद नडीरी

नव्या नोकरीचा पहिला दिवस म्हटलं की माणसाच्या पोटात गोळा येतोच. शर्ट कुठला घालायचा इथपासून संडास कुठं आहे हे कुणाला विचारायचं इथपर्यंत. बेळगावात या सगळ्याच्या आधी एक प्रश्न रांगेत उभा असतो: तोंड उघडायचं कुठल्या भाषेत?

नऊ वर्षं पुण्यात हिशेब लिहून मी गावी परत आलो. उद्यमबागेत कास्टिंगचं मशिनिंग करणाऱ्या एका कारखान्यात अकौंट्सला जागा मिळाली. मुलाखत झाली व्हिडिओवर, इंग्रजीत, म्हणजे दोघांनाही सारखाच त्रास. त्यामुळे भाषेचा विषय तिथं निघालाच नाही. शनिवारी निरोप आला, सोमवारी नऊला पाटीलना भेटा.

आता पाटील! हिरेमठ म्हणाले असते तर मी रात्रभर कन्नड घोकलं असतं. सावंत म्हणाले असते तर गाढ झोपलो असतो. पण पाटील, कुलकर्णी, देसाई ही मंडळी दोन्हीकडं आहेत. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली, गावांची झाली, या आडनावांची तेवढी करायची राहून गेली.

त्यात माझं कन्नड. आमच्यातल्या कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळेल: समजतं, बोलायला जमत नाही. मला थोडं बोलायलाही जमतं, पण ते सगळं बसमध्ये शिकलेलं. कॉलेजला असताना रोज दारात लोंबकळून कंडक्टरकडून जेवढं कानावर पडलं तेवढं. चिल्लर कोड्री, हिंद सरीरी, बागला बिड्री. म्हणजे सुट्टे द्या, मागं सरका, दार सोडा. या भांडवलावर माणूस खानापूरला पोचतो. साहेबाच्या केबिनमध्ये नाही पोचत.

रविवारी रात्री एक वाजता आई उठून बाहेर आली.

"झोप की रं. किती येरझाऱ्या घालूलालास?"

"पाटील कानडी असले तर, आई?"

"असले तर असू देत. माणूसच नव्हे ते? सकाळी कुंदा ने बघ. पयल्या दिवशी रिकाम्या हातानं जाईत नाहीत."

आतून बाबांचा आवाज आला, "बेळगावात कुंदा नेतोय! उद्या पंढरपूरला बुक्का ने."

सकाळी बॅगेत मार्क्स कार्डांच्या फायलीला टेकून कुंद्याचा, म्हणजे आमच्या दुधाच्या मिठाईचा, अर्ध्या किलोचा डबा बसला. घर पहिल्या रेल्वे गेटाजवळ. 'गेट पडलं होतं' हे उशिराचं कारण बेळगावात कुणी उलटून तपासत नाही, म्हणून मी ते मनात तयारच ठेवलं होतं. नेमकं त्या दिवशी गेट उघडं. सव्वाआठला मी कारखान्याच्या फाटकात, पावसात, रेनकोटातून ठिबकत उभा.

वॉचमनशी कन्नडमध्ये बोलायचं हे रात्रीच ठरलं होतं. सराव तरी होईल.

"इवत्त जॉईन आगाक बंदीनरी," मी म्हटलं. म्हणजे आज जॉईन व्हायला आलोय.

"यार बेकरी?" त्यानं विचारलं. म्हणजे कुणाला भेटायचंय. नऊ वर्षं पुण्यात काढलेल्या कानाला त्यात आधी फक्त बेकरी ऐकू आली.

"पाटीलरी."

त्यावर तो बरंच काही बोलला. मी 'हौद्री, हौद्री', म्हणजे होय, होय, करत राहिलो. मग मी काहीतरी बोललो, त्यावर तो 'हौद्री' म्हणाला. अशी दहा मिनिटं गेली. दोघांचेही चेहरे बद्धकोष्ठ झाल्यासारखे. शेवटी त्याचा फोन वाजला.

"होय गं, घरात कोथमीर हाय की. पुन्यांदा कशाला आणूलालीस?"

फोन ठेवून त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं.

"तुम्ही मराठी होय? मग मघापासनं कन्नड कशाला?"

"तुम्हीच बोलूलालासा की."

"तुम्ही सुरू केलासा म्हणून!"

त्यानं रजिस्टर पुढं केलं. मी सही केली. पण रात्रभर तापवलेलं कन्नड तसंच वाया गेलं होतं आणि तोंडात उकळत राहिलं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. खरा घोटाळा तिथंच.

ऑफिसचं दार एका वेळी एकच माणूस जाईल एवढं. मी पोचलो त्याच क्षणी बाजूच्या पार्किंगमधून एक बाई आल्या, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. दोघंही थांबलो. मी मागं झालो, त्याही मागं झाल्या. मी पुढं, त्याही पुढं. दोनदा असं झाल्यावर कुणीतरी 'तुम्ही आधी' म्हणणं भाग होतं. 'तुम्ही आधी'ला कन्नडमध्ये सभ्यपणे काय म्हणतात ते मी डोक्यात शोधत होतो, तोवर तोंडानं आपलं आपण काम उरकलं.

"मुंद नडीरी, मुंद नडीरी! बागला बिड्री!"

पुढं चला, दार सोडा! नुसते शब्द असते तर एक वेळ निभावलं असतं. सूरही तोच निघाला, नाकातून, शेवटचा 'री' लांबवलेला. एवढंच कमी म्हणून की काय, माझ्या हातानं दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

बाई मुकाट्यानं पुढं सरकल्या. आयुष्यभर बसनं फिरलेलं माणूस त्या सुराला उलट बोलूच शकत नाही. चार पावलं गेल्यावर त्यांना काय झालं ते कळलं आणि त्यांनी वळून बघितलं. फाटकात वॉचमन खुर्चीला धरून हसत होता.

नऊ वाजता मला केबिनमध्ये पाठवलं. 'सर' या शब्दाभोवती मी तीन भाषांत वाक्यं बांधली होती. समोर त्याच बाई. टेबलावर हेल्मेट.

"कुंद्री," त्या म्हणाल्या.

कुंद्री म्हणजे बसा. हे मला येतं. बसमध्ये जागा झाली की हेच म्हणतात. पण त्या घटकेला माझ्या डोक्यात बस नव्हती, आई होती.

"होय मॅडम, कुंदाच!" मी म्हटलं आणि उभ्याउभ्याच बॅग उघडली.

चांगला कुंदा तूप सोडतो. आईनं फारच चांगला आणला होता. डब्याचं झाकण एका बाजूनं उचललं गेलं होतं आणि फायलीचा खालचा कोपरा पिवळसर, जवळजवळ पारदर्शक झाला होता. बी.कॉम.चं पाचवं आणि सहावं सेमिस्टर एकमेकांना चिकटलं होतं, कॉस्टिंगचे मार्क ऑडिटिंगच्या रकान्यातून डोकावत होते. मॅडमनी तो कागद खिडकीकडं धरला, डोळे बारीक केले.

"दोन्हीकडं कमीच आहेत की," त्या म्हणाल्या. स्वच्छ मराठीत.

मग फॉर्म. मी पास झालो २०१३ ला, तेव्हा कागदावरच्या इंग्रजीत गाव होतं बेलगाम. १ नोव्हेंबर २०१४ पासून ते झालं बेळगावी, तसंच आधारवर आलं. घरी आम्ही म्हणतो बेळगाव. पुण्यातल्या मागच्या ऑफिसात एका मुलीनं विचारलं होतं, "सर, तुमची बदलीची नोकरी होती का?" रेल्वेचा कोड मात्र अजून बीजीएमच आहे, त्या खात्याला बहुतेक कुणी सांगितलं नसावं. मॅडमनी काही न विचारता तिन्ही ठिकाणी बरोबरची खूण केली आणि कुंद्याचा चमचाभर तुकडा तोंडात टाकला.

त्यांची घरची भाषा कुठली, ते मला दिवसभरात कळलं नाही. व्हाउचरं मोजली कन्नडमध्ये. ट्रान्सपोर्टवाल्याला झापलं मराठीत. शेवटी माझी सगळी आशा स्टेपलरवर होती, कारण पिन बोटात घुसली की माणूस खरी भाषा बोलतो. साडेतीनला घुसली. त्या ओरडल्या, "आई गं, यप्पा!"

त्याआधी दुपारी जेवणाच्या खोलीत गेलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. बाकावरची चार माणसं सरकली. "बर्री कंडक्टर, सीट खाली ऐती," म्हणजे या, सीट रिकामी आहे, असं एक जण म्हणाला आणि माझ्या डब्याच्या झाकणात शेंगाचटणी वाढली. माझं नाव काय, हे संध्याकाळपर्यंत कुणी विचारलं नाही.

सहाला पाऊस थांबला होता. मी स्कूटर काढून फाटकाशी आलो. मागून मॅडमची गाडी आली. मी बाजूला झालो आणि या वेळी तोंड गच्च मिटून नुसता हात केला, तुम्ही व्हा पुढं.

त्या माझ्या शेजारी थांबल्या, हेल्मेटची काच वर केली.

"होल्डान," त्या म्हणाल्या. रस्त्यावरून एक टेम्पो जाऊ दिला. मग माझ्या मागच्या सीटवर पंजानं दोन थापा मारल्या.

"रैट, रैट!"

मी मुकाट्यानं निघालो.